भीतीचा उपास

लोंढे बाईंइतकं भित्रं माणूस मी जन्मात दुसरं पाहिलं नाही. पाल दिसली की त्या पलंगावर चढायच्या. कुकरची शिट्टी व्हायच्या आत स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आणि शिट्टी होऊन गेली की आत जायच्या. फुगा नको, फटाका नको, लिफ्ट तर नकोच नको. दारावर पार्सलवाला आला तर साखळी लावलेल्या फटीतून त्याला विचारायच्या, "कुणी पाठवलं? का पाठवलं?" तो बिचारा काय सांगणार, कपाळ? आणि अशी बाई पाळणाघर चालवायची. उल्हासनगरात, कॅम्प चारला, आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर.

माझं माहेर पालेगावचं. लग्न होऊन इथं आले, एका फर्निचरच्या दुकानात बिलिंगला लागले, आणि चिऊ झाल्यावर तिला ठेवायचं कुठं हा प्रश्न आला. सासूबाई म्हणाल्या, "लोंढे बाईंकडं ठेव. त्या येशूवाल्या आहेत, पण पोरांना जपतात." मी बघायला गेले तर बाई द्राक्षं चिरत बसल्या होत्या. एकेका द्राक्षाचे चार तुकडे. मी म्हटलं, "अहो बाई, एवढं कशाला?" तर वर न बघता म्हणाल्या, "घशात अडकलं तर तू दुकानातून येणार आहेस का काढायला?" मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी चिऊला तिथंच सोडून आले. जी बाई द्राक्षाला भिते तिच्याकडं पोर सुरक्षित राहतं, एवढं मला कळत होतं.

मुद्दा असा की त्यांची भीती त्यांच्यापुरती नव्हती. ती अख्ख्या बिल्डिंगची होती. कुणाचा गॅस चालू राहिला, कुणाच्या खिडकीत पोर चढलं, गच्चीचं दार उघडं राहिलं, सगळ्यात आधी बाईंना कळायचं आणि मग त्यांचा आवाज लागायचा. शाळेच्या पोरांनी त्यांचं नाव 'भोंगा' पाडलं होतं. एकदा "जळतंय, जळतंय!" म्हणून त्यांनी सगळ्यांना जिन्यात काढलं, तर तळमजल्यावर कुणीतरी सुकट भाजत होतं. लोक महिनाभर हसले. पुढं पावसाळ्यात पुन्हा "जळतंय" म्हणाल्या तेव्हा कुणी उठेना. शेवटी माझ्या नवऱ्यानं कंटाळून खाली जाऊन पाहिलं, तर मीटरच्या खोलीत वायर वितळून धूर निघत होता. त्यानंतर हसणं बंद नाही झालं, पण हसत हसत लोक उठायला लागले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, आमच्याकडं तो ब्रह्मराक्षस खराच असायचा अधूनमधून.

आपण स्वतः भ्यायची गरज नाही, बाई आहेत, असं आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो.

आणि वर्षातले चाळीस दिवस त्या भ्यायचं सोडायच्या.

हे मला पहिल्यांदा कळलं ते असं. फेब्रुवारी संपत आला होता. संध्याकाळी चिऊला आणायला गेले तर बाई घरात नाहीत, जिन्यात. प्रत्येकाच्या दारावर टकटक. "गॅस बघितला का? रेग्युलेटर बंद केला का? गॅलरीतली कुंडी आत घे, कुणाच्या डोक्यात पडेल." मी म्हटलं, "बाई, आज काय धाड पडली?" तर धापा टाकत म्हणाल्या, "उद्या राखेचा बुधवार. उद्यापासून उपासाचे दिवस. उद्यापासून भ्यायचं बंद. आज काय ते भिऊन घेते." त्यांच्या चर्चची माणसं उपास लागायच्या आदल्या दिवशी मटण करून खातात, तशी ही बाई आदल्या दिवशी भिऊन घेत होती. मला हसू आवरेना.

झालं होतं असं, की त्यांच्या अंबरनाथच्या चर्चमधल्या पाळकांनी उपदेशात सांगितलं, की नुसतं मटण सोडून काय होतं, जे घट्ट धरून ठेवलंय ते सोडा. कुणी चहा सोडला, कुणी मोबाइल, कुणी टीव्हीवरच्या मालिका. बाई घरी येऊन विचार करत बसल्या, की आपण घट्ट काय धरलंय? नवरा नाही, मूलबाळ नाही, दागिना नाही. "मग उमगलं," त्या मला म्हणाल्या. "मी भीती धरून बसलेय, वंदना. दोन्ही हातांनी."

ती कधीपासून धरली होती हेही त्यांनी मला एकदा सांगितलं, द्राक्षं चिरता चिरताच. त्यांचे यजमान, लोंढे सर, भलते धाडसी. कंपनीतल्या मित्रांबरोबर बारवी धरणाकडं सहलीला गेले होते, बायकापोरं सगळी. सर पाण्यात उतरायला निघाले. बाई म्हणाल्या, नका जाऊ. मित्र हसले. सर म्हणाले, "हिला बादलीची पण भीती वाटते." सगळे आणखी हसले. "मला लाज वाटली गं," बाई म्हणाल्या. "मी गप्प बसले." त्यानंतर त्या कधीच गप्प बसल्या नाहीत. पण त्याचाही त्यांना शीण यायचा. "वर्षभर मीच सगळ्यांची राखण करते," म्हणायच्या. "चाळीस दिवस त्याला करू दे. तो आहे ना? मग मी एवढी भिते म्हणजे माझा त्याच्यावर भरवसा नाही असंच झालं की."

माझा देव वेगळा, पण प्रश्न सारखाच होता.

त्या चाळीस दिवसांत त्यांच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना असायची. टीपॉयवर जांभळं कापड, त्यावर सरांनी केलेला लाकडी वधस्तंभ, बाजूला पेटी. ज्यांना चर्चपर्यंत जाणं होत नाही अशा तीनचार म्हाताऱ्या यायच्या. वरच्या मजल्यावरच्या हरेशभाईंची आई, आम्ही तिला दादी म्हणायचो, ती सिंधी, तिला मराठी धड कळत नव्हतं, पण गाणी आवडायची म्हणून गुडघे धरत धरत खाली उतरायची. मी आणि चिऊ दाराजवळ. बाई पेटी वाजवायच्या, सूर थोडा वर चढायचा, म्हाताऱ्या मागे रेंगाळायच्या. मग बाई डोळे मिटून प्रार्थना करायच्या, आणि ती ऐकण्यासारखी असायची. देवाशी त्या मोलकरणीला कामं सांगावी तशा बोलायच्या. "प्रभू, चिऊच्या नाकाकडं बघ, तिला सर्दी लवकर होते. प्रभू, दादीचे गुडघे. प्रभू, वंदनाचा नवरा गाडी जोरात चालवतो, त्याला अक्कल दे." मी डोळा उघडून बघायची. बाईंचे डोळे मिटलेले आणि चेहरा असा निवांत की ओळखू येऊ नये. पाल भिंतीवरून गेली तरी त्या हलायच्या नाहीत. कुकरची शिट्टी शेजारी उभं राहून ऐकायच्या.

लोकांना गंमत वाटायची. खरं सांगू? मला त्या दिवसांत भीती वाटायची. बाई भीत नाहीत म्हणून मला भीती वाटायची. बाराही महिने डास मारायची उदबत्ती लावायची आणि नेमकी डासांच्या दिवसांत विझवायची, तसं काहीतरी. मी स्वतः उठून गॅस बघायला लागले. चिऊ खिडकीजवळ गेली की मी तिला फ्रॉक धरून मागं ओढायची.

आमची बिल्डिंग तशीही भिण्यासारखीच होती. उल्हासनगरात राहणाऱ्याला हे समजवायला नको. आमची बिल्डिंग बांधली त्या काळात इथं रेती कसली वापरली देव जाणे. आमच्या मागच्या गल्लीत एका बिल्डिंगचा स्लॅब खाली आला होता, माणसं गेली होती. त्यानंतर आमच्या दाराशी पालिकेची नोटीस लागली, ती कुणीतरी फाडली, आणि सगळे परत आपापल्या घरात जाऊन जेवले. जायचं कुठं? बाईंच्या हॉलमध्ये छताला एक चीर होती, पंख्याच्या हुकापासून भिंतीपर्यंत. तिथं प्लॅस्टर सुटून गंजलेली सळई दिसायची. एरवी बाईंनी त्या चिरेखाली कधी पोरांना झोपवलं नाही. रोज सकाळी स्टुलावर चढून तिच्याकडं टक लावून बघायच्या, वाढली का म्हणून. उपासाचे दिवस लागले की स्टूल पलंगाखाली.

पुढं एका वर्षी नेमकं उपासाच्या दिवसांतच हरेशभाईंनी वर फरशी बदलायचं काम काढलं. मुलाचं लग्न होतं. जुन्या लाद्या फोडायला माणसं आली आणि आमच्या डोक्यावर घण पडायला लागले. धाड, धाड, धाड. पेटीचा सूर ऐकू येईना. बाईंच्या भांड्यांचा रॅक थरथरायचा. मी वर गेले भांडायला. हरेशभाई गोड माणूस, हात जोडून म्हणाले, "अरे बहन, टाइल बदल रहे हैं, बिल्डिंग थोड़ी तोड़ रहे हैं!"

खाली येऊन मी बाईंना म्हटलं, "तुम्ही जाऊन बोला. तुम्ही ओरडलात तर ऐकेल तो."

बाईंनी छताकडं पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ओठ कोरडे पडले होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि चिऊच्या वेण्या घालायला लागल्या. "उपास आहे माझा," म्हणाल्या.

"अहो पण चीर वाढलीय!"

"वाढली असेल. मी बघत नाहीय."

मला इतका संताप आला. म्हटलं, हा कसला उपास? उपाशी राहायचं तर पोटानं राहा, डोळ्यांनी कशाला? पण हे मनात. तोंडावर आणलं नाही, कारण चिऊची तीच वेणी त्या तिसऱ्यांदा सोडून पुन्हा घालत होत्या. त्यांनी भीती सोडली होती, पण भीतीनं त्यांना कुठं सोडलं होतं! नुसतं बोलायचं नाही, बघायचं नाही, उठायचं नाही, एवढाच तो उपास होता. भुकेल्या माणसानं ताटासमोर बसून हात मागं बांधावेत तसा.

गुड फ्रायडेला मला सुट्टी होती. बाईंकडं त्या दिवशी दुपारी बारा ते तीन अशी लांब प्रार्थना. वधस्तंभावर येशू जे सात वेळा बोलला, ते एकेक वाचायचं, मधे गाणं, मधे गप्प बसायचं. त्या दिवशी घरात चूल नाही, तांदळाची पेज तेवढी आदल्या दिवशीची. आणि बाईंचा आणखी एक नेम, त्यांच्या आईपासून चालत आलेला: त्या दिवशी घरात खिळा ठोकायचा नाही, सुईसुद्धा कापडात टोचायची नाही. आणि वर धाड धाड चाललेलं. प्रत्येक घावाला त्या म्हाताऱ्या डोळे मिटून घ्यायच्या. चिऊ आतल्या खोलीत झोपली होती. दादी माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती, माळ ओढत.

चौथं वचन झालं, ज्यात तो बापाला विचारतो की मला का टाकलंस. तेवढ्यात वरची माणसं जेवायला थांबली असावीत. आवाज बंद. एवढी शांतता पडली की पंख्याची कुरकुर ऐकू आली. मी म्हटलं, सुटलो एकदाचे. आणि त्या शांततेत, वर कुठंतरी, पापड मोडावा तसा आवाज आला. बारीकसा. कट्.

बाईंनी मान वर केली नाही. पाचवं वचन वाचलं. आवाज स्थिर. जांभळ्या कापडावर चिमूटभर रेती पडली, मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं. त्यांनी ती हातानं झाडली. दुसऱ्या हातानं टीपॉयची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. मला उठायचं होतं. पण उठले नाही. अहो, मला सवयच नव्हती! बिल्डिंगीत पहिलं ओरडायचं काम माझं कधी नव्हतंच. मी बाईंच्या तोंडाकडं बघत बसले, आणि सगळ्याजणी तेच करत होत्या. बाई शांत आहेत म्हणजे काही नसेल.

सहावं वचन. "पूर्ण झालं," एवढंच असतं ते. बाईंनी वाचलं, आणि पुन्हा, कट्. या वेळी रेती त्यांच्या केसांत पडली.

त्या थांबल्या. छताकडं नाही, दाराजवळ ठेवलेल्या चिऊच्या छोट्या चपलांकडं बघत होत्या. आणि मग पुस्तक मिटलं.

"उठा."

एक म्हातारी म्हणाली, "बाई, अजून एक राहिलंय."

"उठा म्हणते ना!" भोंगा लागला. वर्षभर ऐकलेला, पण असा कधीच नाही. "उठा! चपला राहू द्या! वंदना, पोर घे! दादीला धरा!" मी आत धावले, चिऊला झोपेतच उचललं. बाहेर आले तोवर दोघीजणी दादीला उचलून जिन्यात पोचल्या होत्या, आणि बाई खाली नाही, वर चालल्या होत्या. ज्या बाईनं इतके दिवस छताकडं बघितलंसुद्धा नव्हतं, ती दोन्ही हातांनी दारं बडवत होती. "बाहेर या! पडतंय! बाहेर या!" लोक हसत नव्हते. वर्षानुवर्षांची सवय, आवाज ऐकला की जिन्यात यायचं. आले. अंगावर टॉवेल, हाताला पीठ, तसे आले.

हरेशभाई मात्र दारात उभे राहून समजूत घालत होते. "आंटी, आपका तो उपास चल रहा है ना? डरना मना है ना आपको?"

"मोडला!" बाई किंचाळल्या. "मोडला माझा उपास! उतर खाली! पोरांना घेऊन उतर!" आणि त्यांनी त्या धिप्पाड माणसाचा शर्ट धरून त्याला जिन्यात ओढलं. त्याची कामाची माणसं डबे टाकून मागं पळाली.

आम्ही रस्त्यावर होतो. मोजत होतो कोण आलं, कोण राहिलं. बाई सगळ्यात शेवटी बाहेर आल्या, अनवाणी. त्यांनी येऊन चिऊचं मनगट पकडलं, आणि आतून आवाज आला. मोठा नाही. ट्रकमधून रेती ओतावी तसा. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून धूळ बाहेर आली, पांढरी, दाट, आणि आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनाशी झाली. हरेशभाईंचा हॉल बाईंच्या हॉलवर येऊन बसला होता. टीपॉय, पेटी, भिंतीशी मघाशी मी आणि दादी टेकून बसलो होतो ती जागा, सगळं त्याखाली.

कुणी गेलं नाही. कुणीच नाही.

धूळ बसली तसे लोक बाईंभोवती गोळा झाले. हरेशभाई आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडत होते, मग उठून बाईंच्या पायावर डोकं ठेवायला लागले. बाईंचं लक्षच नव्हतं. त्या फुटपाथवर बसून रडत होत्या आणि मला वाटलं घर गेलं म्हणून. मी जवळ बसले तर हुंदके देत म्हणाल्या, "उद्याचा दिवस काढला असता की झालं असतं गं. एका दिवसासाठी मोडला."

माझी पोर जिवंत होती. मी त्यांचे धुळीनं भरलेले हात धरून नुसती "बाई, बाई" करत राहिले.

मग त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, "एक वचन राहिलंय." अग्निशमनची गाडी घंटा वाजवत येत होती, पोलीस लोकांना मागं सारत होते, आणि समोरच्या फर्निचरच्या दुकानाच्या सावलीत, नव्या सोफ्यांच्या रांगेपुढं, त्या म्हाताऱ्या अनवाणी उभ्या राहिल्या. सातवं वचन असं की मी स्वतःला तुझ्या हाती सोपवतो. पुस्तक ढिगाऱ्याखाली होतं. बाईंनी पाठ म्हटलं, आणि म्हणताना चिऊचं मनगट काही सोडलं नाही.

बिल्डिंग रिकामी झाली. आम्ही पालेगावला माझ्या माहेराजवळ भाड्यानं आलो. बाई बदलापूरला सोनिवलीच्या एका नव्या टॉवरमध्ये भाच्याकडं गेल्या, सातव्या मजल्यावर. लिफ्टला घाबरून जिने चढायच्या म्हणे, मधे बसत बसत. पुढच्या वर्षी उपासाच्या दिवसांत मी चिऊला घेऊन भेटायला गेले. वाळल्या होत्या. श्वास लागत होता. टीपॉय नवा होता, जांभळं कापड नवं होतं. दादी गेल्याचं त्यांना मी सांगितलं, तर प्रार्थनेत तिच्या गुडघ्यांचं नाव घेतलं, सवयीनं.

मी चहा ठेवायला उठले तर म्हणाल्या, "तुझ्यापुरता ठेव. यंदा मी चहा सोडलाय."

"आणि भ्यायचं ते?" मी विचारलं.

बाईंनी जांभळ्या कापडाची सुरकुती सरळ केली. मग म्हणाल्या, "पाळकसाहेबांकडं गेले होते. म्हटलं, माझा भरवसा कमी पडला, मी उपास मोडला. तर म्हणाले, 'बाई, वधस्तंभावर चढवायच्या आदल्या रात्री बागेत प्रार्थना करताना आपल्या प्रभूलासुद्धा घाम फुटला होता. भीती वाटली होती त्याला. आणि त्याचे शिष्य शेजारी निवांत घोरत होते. तुम्हाला कुणासारखं व्हायचंय ते तुम्ही ठरवा.'" त्या किंचित हसल्या. "मी म्हटलं, घोरणाऱ्यांत माझं नाव नको."

त्यानंतर दिवाळीच्या आधी बाई गेल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या भेटीतच.

त्या दिवशी निघालो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सोनिवलीचा तो रस्ता नवा, रुंद, खडीचे डंपर भरधाव येतात. रिक्षा पलीकडं उभी होती. चिऊ पुढं पळाली, आणि वरून आवाज आला. भोंगा. धाप लागलेला, चिरका, पण तोच. "वंदना! हात धर तिचा! डंपर येतोय, बघ उजवीकडं! हात धर आधी!" टॉवरमधली माणसं गॅलरीत आली, वॉचमन बघायला लागला. मी वर पाहिलं. एवढ्या उंचावर, उंचीला भिणारी ती बाई कठड्यावर ओणवून दोन्ही हात हलवत होती.

मी चिऊचा हात पकडला. "आई, दुखतंय," ती म्हणाली, "सैल धर ना."

मी काही सैल धरला नाही.